महर्षींचा प्रपंच

धोंडो केशव कर्वे यांना महाराष्ट्राने ‘महर्षी’ ही पदवी प्रेमाने दिली. पण त्या पदवीने एक गैरसोयही करून ठेवली आहे. महर्षी म्हटले की पर्णकुटी आणि वैराग्य डोळ्यांपुढे उभे राहते. महिनाअखेरीची ओढाताण, मुलांची शिक्षणे, विम्याचे हप्ते यांचा महर्षींशी काही संबंध असेल असे वाटत नाही. कर्व्यांचे 104 वर्षांचे आयुष्य मात्र याच गोष्टींनी व्यापलेले होते. ते पगारदार शिक्षक होते, दोनदा बोहल्यावर चढलेले संसारी गृहस्थ होते आणि चार मुलग्यांचे वडील होते. त्यांच्या सार्वजनिक कार्याचा जमाखर्च अनेकांनी मांडला आहे. त्या कार्याची किंमत ज्या घराने मोजली, त्या घराची वही सहसा कोणी उघडत नाही.

कर्व्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 चा, बालपण कोकणातल्या मुरूडचे. घरची गरिबीच होती. कष्टांची सवय कशी लागली हे सांगायला एकच प्रसंग पुरे. सतरा-अठरा वर्षांचा हा मुलगा परीक्षेसाठी मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला गेला आणि तेथे, अंगापिंडाने लहान दिसतो म्हणून, त्याला परीक्षेला बसू दिले नाही. आला तसा तो परत गेला. मॅट्रिक व्हायला त्यांना 1881 साल उजाडले; म्हणजे तेव्हा ते 23 वर्षांचे होते, विवाहित होते, आणि पुढच्याच वर्षी रघुनाथ हा पहिला मुलगा झाला. 1884 साली एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी. ए. झाले. पुढची मुंबईतील वर्षे शाळांतील तासांत आणि शिकवण्यांत गेली. पहाटे उठून शिकवणीला निघायचे, दिवसभर एका शाळेतून दुसरीत जायचे, असा तो क्रम होता. त्यातूनही पै-पैसा बाजूला काढून त्यांनी आपल्या गावासाठी ‘मुरूड फंड’ सुरू केला. पुढे याच गावाने त्यांना वाळीत टाकले.

1891 हे साल त्यांच्या घरात दुःख आणि स्थैर्य बरोबरच घेऊन आले. पत्नी राधाबाई वारल्या. आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्याला तेव्हा महिना 75 रुपये मिळत. 11 मार्च 1893 रोजी त्यांनी गोदूबाई जोशी यांच्याशी विवाह केला. गोदूबाई देवरुखच्या, बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, आणि पुढे सर्वांच्या ‘बाया’. विधवाविवाहावर व्याख्याने देणारे त्या काळी पुष्कळ होते. पण स्वतःवर वेळ आली की बहुतेकांची नजर कुमारिकेकडेच वळे. कर्व्यांनी व्याख्यान दिले नाही, लग्न केले. मुरूडकरांनी बहिष्कार घातला आणि त्याची झळ गावातल्या आई-भावांनाही सोसावी लागली.

1896 साली अनाथ बालिकाश्रम निघाला. स्वतःची 1,000 रुपयांची शिल्लक कर्व्यांनी त्यात घातली. 1900 साली आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. तेथे रस्ता असा नव्हताच. कॉलेज संपल्यावर कर्वे सामानाचे ओझे घेऊन पावसाचिखलातून काही मैल चालत आश्रमात जात, तेथे मुलींना शिकवीत आणि सकाळी पुन्हा फर्ग्युसनमध्ये वर्गावर हजर होत. बाया आणि मुले पुण्यात. यात अंतराखेरीज आणखी एक कारण होते, आणि ते कटू आहे. बाया पुनर्विवाहित होत्या. आश्रमाला वर्गणी देणाऱ्या आणि मुली पाठविणाऱ्या जुन्या वळणाच्या लोकांना पुनर्विवाहाचा वासही नको होता. तेव्हा ज्या बाईशी लग्न केल्यामुळे हे सारे कार्य उभे राहिले, तिलाच कित्येक वर्षे आश्रमापासून दूर राहावे लागले. संस्था टिकावी म्हणून कर्व्यांनी हे पत्करले. हिशेब व्यवहाराचा होता, पण भरपाई बायांच्या वाट्याला आली.

पुढे कर्व्यांनी आपली 5,000 रुपयांची विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे करून दिली. बायांना हे सहन झाले नाही, आणि का व्हावे? नवऱ्याच्या माघारी मुलांना आधार एवढा एकच होता. ‘माझे पुराण’ या आत्मकथनात त्यांनी हे सारे मोकळेपणाने सांगितले आहे. मराठी चरित्रग्रंथांतून थोर पुरुषांच्या पत्नी मूकपणे झिजताना दिसतात. बाया मूक नव्हत्या. त्या भांडल्या, काटकसरीने घर चालवीत राहिल्या आणि आश्रमासाठी स्वतः वर्गणीही गोळा करीत फिरल्या. त्यांची धाकटी विधवा बहीण पार्वतीबाई आठवले हिनेही आश्रमासाठी आयुष्य दिले. दानशूर म्हणून कर्व्यांचे नाव घेताना त्या दानात अर्धा वाटा बायांच्या संमतीवाचून गेला होता, हे विसरता कामा नये.

1916 साली अवघ्या पाच विद्यार्थिनींवर महिला विद्यापीठ सुरू झाले. 1920 साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या आईच्या नावे 15 लाखांची देणगी जाहीर केली आणि विद्यापीठाला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले. इतकी मोठी रक्कम हाती आली तरी कर्व्यांची झोळी खाली ठेवली गेली नाही. सत्तरी उलटल्यावर, 1929 साली, ते निधीसाठी युरोप-अमेरिकेकडे निघाले. नंतर आफ्रिकेत गेले, जेथे त्यांचा मुलगा शंकर डॉक्टर होता. 1936 साली, वयाच्या 78 व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ काढले. त्यासाठी 70 रुपयांच्या पेन्शनमधून दरमहा 15 रुपये देऊ लागले. पाचवा हिस्सा झाला हा. वर्गणी मागणाऱ्याने आधी स्वतःची वर्गणी भरावी, हा त्यांचा जुना रिवाज.

मुलांवर त्यांनी आपले कार्य लादले नाही, ही गोष्ट फारशी नोंदली जात नाही. दिनकर रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले, भास्कर हिंगण्याच्या कामात राहिले. थोरले रघुनाथ तर वडिलांच्याही पुढे गेले. संततिनियमनाच्या प्रचारापायी कॉलेजातील नोकरी घालवून बसले आणि 1927 पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक अखेरपर्यंत चालवीत राहिले.

1950 साली बाया गेल्या. 1953 साली रघुनाथ गेले. 95 वर्षांच्या बापाला 71 वर्षांचा मुलगा गेलेला पाहावा लागला. दीर्घायुष्य मिळावे असा आशीर्वाद देणाऱ्यांच्या मनात ही बाजू क्वचितच येत असेल. 1958 साली, शंभरी पुरी झाली तेव्हा, ‘भारतरत्न’ मिळाले आणि सरकारने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले. हयातीत तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. पुढे चार वर्षे ते पुण्यात राहिले आणि 9 नोव्हेंबर 1962 रोजी त्यांचे निधन झाले. विम्याची ती पॉलिसी मुलांच्या कधीच उपयोगी पडली नाही. मुलांनी आपापली शिक्षणे केली आणि आपापल्या पगारावर संसार उभे केले.