विश्लेषण : देश अणुभट्टीकडे पाहत असताना सूर्याकडे बोट दाखवणारे डी. डी. कोसंबी कोण होते?

अमरावती आणि अकोल्याच्या कॉलन्यांमध्ये आता गच्चीवरची सोलर पॅनल नवीन राहिलेली नाहीत. शिवारात सौरपंप दिसतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत नेणारे वऱ्हाडाचे ऊन वीजबिल कमी करू लागले आहे. मात्र भारताने सूर्याच्या ऊर्जेवर गांभीर्याने संशोधन करावे, हा आग्रह जुना आहे. साधारण ६५ वर्षांपूर्वी, अणुऊर्जेचा सर्वत्र गाजावाजा असताना, एका गणितज्ञाने तो जाहीरपणे धरला होता. त्यांचे नाव दामोदर धर्मानंद कोसंबी.

कोसंबी कोण होते?

अनेकांना ते प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून माहीत आहेत. शिक्षणाने आणि पेशाने मात्र ते गणितज्ञ होते. त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसंबे येथे झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे नामवंत अभ्यासक. धर्मानंदांचे अखेरचे दिवस विदर्भात, वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात गेले. तिथेच १९४७ मध्ये त्यांचे निधन झाले.

वडिलांना हार्वर्ड विद्यापीठात काम मिळाले, तेव्हा १९१८ मध्ये दामोदरही त्यांच्याबरोबर अमेरिकेला गेले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी घेऊन ते भारतात परतले. बनारस आणि अलीगढ येथे शिकवल्यानंतर १९३३ पासून सुमारे १२ वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजमध्ये गणिताचे प्राध्यापक होते.

गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर मोजण्याचे त्यांचे सूत्र आनुवंशशास्त्रात आजही कोसंबी यांच्याच नावाने वापरले जाते. हजारो जुनी नाणी वजन करून, ती किती झिजली यावरून त्यांचा काळ ठरवण्याची पद्धत त्यांनी मांडली. १९५६ मध्ये आलेल्या त्यांच्या ग्रंथाने भारतीय इतिहासलेखनाची दिशा बदलली. संख्याशास्त्र असो की इतिहास, मोजता येईल ते मोजायचे आणि मगच बोलायचे, ही त्यांची रीत होती.

अणुऊर्जेच्या संस्थेत राहून सूर्याची बाजू का घेतली?

१९४५ मध्ये होमी भाभा यांनी कोसंबींना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जायचे आणि संध्याकाळी परतायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. भारताच्या अणुकार्यक्रमाची पायाभरणी याच संस्थेतून झाली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला आणि १९५६ मध्ये तुर्भे येथे अप्सरा ही पहिली अणुभट्टी सुरू झाली.

त्याच काळात कोसंबी उलट प्रश्न विचारत होते. १९६० मध्ये पुण्यात रोटरी क्लबसमोर त्यांनी अणुऊर्जेवर व्याख्यान दिले आणि १९६४ मध्ये अविकसित प्रदेशांतील सौरऊर्जेवर लेख लिहिला. त्यांचे मुद्दे थोडक्यात असे :

• अणुवीज स्वस्त आहे हा दावा तपासून घ्यावा. इतर देशांत तिचा बराचसा खर्च लष्करी कामाच्या खात्यात दडलेला असतो.

• किरणोत्सारी कचऱ्याचे आणि अपघाताचे धोके हिशेबात धरावेत.

• भारतात ऊन भरपूर आहे आणि सूर्याच्या इंधनाला पैसे पडत नाहीत.

• सौरऊर्जा जिथे हवी तिथेच तयार करता येते. दूरच्या खेड्यापर्यंत तारा ओढण्याचा खर्च वाचतो.

• चुलीसाठी लाकूड आणि गोवऱ्या जाळणे कमी झाले तर झाडे टिकतील आणि शेण खत म्हणून शेताला मिळेल.

एका गैरसमजाबाबत ते सावध होते. सौरऊर्जा म्हणजे चरख्यासारखे कुणीही घरी करावे असे काम नव्हे, असे त्यांचे मत होते. त्यासाठी उत्तम विज्ञान आणि उत्तम तंत्रज्ञान लागते. मात्र त्याचे फळ सामान्य माणसाच्या हाती पडले पाहिजे. नुसते शोधनिबंध, परिषदा आणि अनुदाने यांना ते संशोधन मानत नसत.

सूर्यप्रकाशातून वीज कशी तयार होते?

पॅनलमध्ये सिलिकॉनचे पातळ थर असतात. एका थरात इलेक्ट्रॉन जास्त, दुसऱ्यात कमी, अशी त्यांची रचना केलेली असते. सूर्यप्रकाशाचे कण सिलिकॉनवर आदळले की इलेक्ट्रॉन मोकळे होतात. दोन थरांच्या सीमेवरील विद्युत क्षेत्र त्यांना एकाच दिशेने ढकलते आणि प्रवाह सुरू होतो. हा प्रवाह डीसी असतो. इन्व्हर्टर त्याचे एसीमध्ये रूपांतर करतो, कारण घरातला पंखा आणि फ्रीज एसीवर चालतात.

असा वापरता येण्याजोगा पहिला सिलिकॉन सेल १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजने दाखवला. तो मिळालेल्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्केच विजेत बदलत असे. त्याची किंमत इतकी होती की सुरुवातीला तो प्रामुख्याने उपग्रहांवर गेला. आजची चांगली पॅनल २० टक्क्यांच्या पुढे आहेत.

सौर गीझर आणि सौर कुकर यांचे काम वेगळे. ते वीज तयार करत नाहीत, थेट उष्णता पकडतात. गच्चीवर कुरड्या-पापड वाळवतो, तोच मार्ग. फक्त काळा रंग, काच आणि बंद पेटी यामुळे उष्णता बाहेर पडत नाही.

या भूमिकेची किंमत काय मोजावी लागली?

१९६२ मध्ये टाटा संस्थेने कोसंबींचा करार पुढे वाढवला नाही. याचे एकच कारण सांगता येत नाही. अणुधोरणावरची टीका आणि भाभांशी बिघडलेले संबंध हे एक. गणितातील रीमान सिद्धांतकल्पना सोडवल्याचा त्यांचा दावा गणितज्ञांना मान्य झाला नाही, हे दुसरे. इतिहासाकडे वळलेला वेळ हे तिसरे. तिन्ही कारणे अभ्यासक मांडतात.

१९६४ मध्ये त्यांना वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे मानद शास्त्रज्ञपद मिळाले आणि ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. भाभा यांचे २४ जानेवारी १९६६ रोजी विमान अपघातात निधन झाले. त्यानंतर पाच महिन्यांनी, २९ जून १९६६ रोजी, कोसंबी पुण्यात झोपेतच गेले. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९ मध्ये सुरू झाला. गच्चीवरच्या सोलरला मात्र आणखी अनेक दशके लागली.

त्यांचे म्हणणे खरे ठरले का?

काही बाबतींत ते काळाच्या फार पुढे होते, इतके की तंत्रज्ञान मागे पडले. १९६० मध्ये सौरवीज परवडणे शक्य नव्हते. रात्रीसाठी वीज साठवण्याचा प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही. त्याआधीच्या, १९५०च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचा सौर कुकर आला, पण तो घरोघरी पोहोचला नाही. सकाळी लवकर आणि रात्री स्वयंपाक करणाऱ्या घरात दुपारी चालणारी चूल बसत नव्हती. संशोधन वापरणाऱ्यापर्यंत पोहोचले पाहिजे, हा कोसंबींचा मुद्दा इथे नेमका लागू पडतो.

जागेवरच वीज तयार करण्याचा त्यांचा मुद्दा वऱ्हाडात सहज पटतो. अकोला जिल्ह्यात पारस आणि अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथे मोठी औष्णिक वीज केंद्रे आहेत. तरीही याच जिल्ह्यांतील शेतकऱ्याला ओलितासाठी अनेकदा रात्रीच्या पाळीची वीज मिळत आली. अंधारात साप-विंचवाचा आणि रानडुकरांचा धोका पत्करून हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यावे लागते. सौरपंप उन्हात चालतो, म्हणजे ओलित दिवसा होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक हाच.

वऱ्हाडातील वाचकांसाठी उपयोगाचे काय?

• घर : १ किलोवॅटसाठी सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित गच्ची लागते. त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा अधिक क्षमतेला ७८ हजार रुपये अनुदान जाहीर झाले.

• शेत : राज्याच्या मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेत सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के आहे.

• उन्हाळा : जास्त ऊन म्हणजे जास्त वीज, हे पूर्ण खरे नाही. पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको. पॅनलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे उत्पादन साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. मे महिन्यात पॅनल ६५ अंशांपर्यंत तापते, म्हणजे १२ ते १६ टक्के घट. म्हणून पॅनल गच्चीला चिकटवून न बसवता खालून वारा जाईल इतके उंच बसवावे.

• धूळ : पॅनल पहाटे किंवा संध्याकाळी धुवावे. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकल्यास ती तडकू शकते.

पॅनल घेताना कोसंबींची रीत उपयोगी पडते. विक्रेत्याच्या कागदावरचा आकडा मान्य करण्याआधी गेल्या १२ महिन्यांची वीजबिले काढून एकूण युनिट मोजावेत आणि मगच किती किलोवॅट हवे ते ठरवावे.