नोस्फेराटूचा कर्ता : एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ

फ्रीड्रिश विल्हेल्म प्लुम्पे हे त्याचे मूळ नाव. जन्म २८ डिसेंबर १८८८, जर्मनीतील बीलेफेल्ड येथे. मुर्नाऊ हे बव्हेरियातील एका गावाचे नाव. ते त्याने पुढे आडनाव म्हणून घेतले. आपल्याकडे गावावरून घराण्याची आडनावे पडली, याने ते एकट्यानेच केले. बर्लिन आणि हायडेलबर्गला भाषा, साहित्य व कलेतिहास शिकत असताना नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टने त्याला हेरले. महायुद्धात तो आधी पायदळात, मग विमानदलात होता. अनेक अपघातांतून वाचला आणि शेवटी स्वित्झर्लंडमध्ये उतरून तिथेच नजरकैदेत राहिला.

१९२० साली त्याने जेकिल आणि हाइडची कथा नावे बदलून, परवानगीशिवाय पडद्यावर आणली. त्या चित्रपटाची आज एकही प्रत नाही. दोन वर्षांनी हीच युक्ती पुन्हा. या वेळी निर्मिती संस्थेचे नाव होते प्राण-फिल्म! शब्द आपलाच, चालकांपैकी आल्बिन ग्राऊला गूढविद्येचा नाद होता. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीचे हक्क न घेता ‘नोस्फेराटू’ तयार झाला. ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लॉक झाला. मूळ पुस्तकाचा उल्लेख श्रेयनामावलीत होता, पैसे मात्र दिलेले नव्हते.

त्या काळी जर्मन भयपट स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यांपुढे घडत. मुर्नाऊने कॅमेरा बाहेर नेला : विस्मार बंदरात, स्लोव्हाकियातील ओरावा किल्ल्यावर. खऱ्या घरांच्या खऱ्या रस्त्यावरून माक्स श्रेकचा ऑर्लॉक स्वतःची शवपेटी उचलून चालतो, म्हणूनच तो भिववतो. जिन्यावर चढणारी ती सावली तर चित्रपट न पाहिलेल्यांनाही ठाऊक असते. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा हिंडू शकतो. उन्हाने पिशाच्च नाहीसे होते ही कल्पना या चित्रपटाची.

स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स हिने दावा लावला. नवऱ्यामागे ते पुस्तक हाच तिचा आधार होता. तिला खलनायिका ठरवणे मला पटत नाही. प्राण-फिल्मचे दिवाळे निघाले आणि १९२५ मध्ये सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. परदेशी गेलेल्या काही प्रती तेवढ्या वाचल्या.

मुर्नाऊ थांबला नाही. ‘द लास्ट लाफ’मध्ये त्याने मधल्या पाट्या जवळजवळ काढूनच टाकल्या, कॅमेरा चालता केला. हॉलिवूडमधल्या ‘सनराइज’ला (१९२७) पहिल्याच ऑस्कर सोहळ्यात तीन पुरस्कार मिळाले. ‘ताबू’ प्रदर्शित होण्याच्या आठवडाभर आधी, ११ मार्च १९३१ रोजी, कॅलिफोर्नियात मोटार अपघातानंतर तो गेला. वय अवघे ४२.

पुढे वेर्नर हेरझोगने १९७९ मध्ये ‘नोस्फेराटू’ पुन्हा केला. तोवर कादंबरीचे हक्क संपले होते, त्यामुळे पात्रांना ड्रॅक्युलातली नावे परत मिळाली. क्लाउस किन्स्कीचे पिशाच्च मरता येत नाही म्हणून थकलेले, कीव यावी असे आहे. २०२४ च्या आवृत्तीत रॉबर्ट एगर्सने उलट केले : ऑर्लॉक हे नाव पुन्हा आणले, त्याला दाट मिशा दिल्या आणि कथेचा केंद्रबिंदू नायिका एलेन केली. आजच्या प्रेक्षकाला ते जवळचे वाटते, पण आवाज आणि रक्त जरा जास्तच झाले आहे. मला हेरझोगचा अधिक भावतो. दोघांनी बरेच बदलले, तरी पिशाच्चाचा घात व्हायला मुर्नाऊचे ते पहाटेचे ऊन दोघांनाही लागलेच.