लेखणीचा बादशहा

फर्स्ट इयरला लेटरिंगची शीट रिपीट झाली की आपण किती वैतागतो! पण याच अक्षरांपायी विजापूरच्या सुलतानाने एका सुलेखनकाराला चक्क आपल्या सिंहासनावर बसवलं होतं. हा सुलतान म्हणजे दुसरा इब्राहिम आदिलशहा.

1580 मध्ये गादीवर आला तेव्हा तो जेमतेम नऊ वर्षांचा. सांभाळायला चुलती चांदबीबी, म्हणजे अहमदनगरच्या निजामशाहीची लेक. सरदारांच्या भांडणात तिलाच साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत पडावं लागलं. अशा धामधुमीत वाढलेलं पोर पुढे गाण्यात आणि अक्षरांत रमलं. फारसी त्याला अडखळत येई, मराठी मात्र सहज बोले, असं मोगल वकील असदबेगाने लिहून ठेवलंय. त्याने दखनीत रचलेल्या ‘किताब-ए-नौरस’ या गीतसंग्रहात सरस्वतीची स्तुती आहे. लोक त्याला जगद्गुरू म्हणत.

1618 च्या सुमारास इराणहून आलेल्या खलीलुल्लाने या पुस्तकाची देखणी प्रत लिहून त्याला दिली. सुलतान इतका खूश झाला की त्याला ‘बादशाह-ए-कलम’ असा किताब दिला आणि सिंहासनावर बसवलं.

ही अक्षरं काढतात तरी कशी? बोरू तिरका छाटायचा (आपले मोडी लिहिणारे कारकूनही बोरूच वापरत). तो कागदावर टेकवला की चौकोनी ठिपका पडतो. तोच युनिट! अलिफ किती ठिपके उंच, वळण किती ठिपके रुंद, सगळं ठरलेलं. बोरू जाड घेतला की अक्षरंही त्याच प्रमाणात मोठी. ही मापं दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्लाने बसवली असं मानतात. खलीलुल्लाची लिपी नस्तालीक. त्यात शब्द उजवीकडून डावीकडे उतारावरून घसरल्यासारखे येतात.

इब्राहिमने हौसेने वसवलेलं नौरसपूर 1624 मध्ये मलिक अंबरने उद्ध्वस्त केलं. 1627 मध्ये सुलतानही गेला. विजापुरात (आता विजयपुरा) इब्राहिम रोझा इथे त्याची कबर आहे. तिथे खिडक्यांवरच्या दगडी जाळ्या म्हणजे निव्वळ अरबी अक्षरं. अक्षरं ठेवून मधला दगड कोरून काढलाय. प्रत्येक अक्षर शेजारच्याला कुठेतरी टेकलेलं हवं, नाहीतर गळून पडायचं! लिहिणाऱ्याला आणि पाथरवटाला किती डोकं चालवावं लागलं असेल, सिव्हिलवाल्यांनी सांगावं. आत जो थोडा उजेड येतो, तो या अक्षरांच्या फटींतूनच.