घराघरातली ‘रजनी’: प्रिया तेंडुलकर

आदिलाबाद : आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या इकडच्या मराठी माणसाला प्रिया तेंडुलकर हे नाव सांगितलं तर तो एक मिनिट विचार करतो. ‘रजनी’ म्हटलं की लगेच ओळख पटते. १९ सप्टेंबर २००२ ला त्या गेल्या. वय अवघं ४७.

जन्म १९ ऑक्टोबर १९५४ चा. नाटककार विजय तेंडुलकरांची मुलगी. एवढं मोठं नाव पाठीशी असूनही पोरीनं सुरुवातीला पोटापाण्याची साधी कामंच धरली. पंचतारांकित हॉटेलात रिसेप्शनिस्ट, मग हवाई सुंदरी. जोडीला जाहिरातींसाठी मॉडेलिंग आणि बातम्या वाचणं. म्हणजे चेहरा नीटनेटका ठेवून हसत बोलायचं, हेच काम.

आपल्याकडच्या लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो. श्याम बेनेगल यांचा १९७४ चा ‘अंकुर’ हा तेलंगणातल्या खेड्याचा, जमीनदारीचा सिनेमा. त्यात अनंत नागच्या बायकोचं काम प्रिया तेंडुलकरांनी केलंय. म्हणजे त्यांच्या सिनेमातल्या सुरुवातीच्या दिवसांचा धागा आपल्याच राज्याशी जुळतो. पुढे ‘गोंधळात गोंधळ’, ‘मुंबईचा फौजदार’ असे मराठी सिनेमे झाले. चालले, पण नाव घरोघरी गेलं ते १९८५ मध्ये.

बासू चटर्जी यांची ‘रजनी’ दूरदर्शनवर सुरू झाली. साधी साडी, कपाळावर टिकली, आणि अन्याय दिसला की गप्प न बसणारी गृहिणी. गॅस सिलिंडरचा घोळ, सरकारी हापिसातली टाळाटाळ, टॅक्सीवाल्यांची मुजोरी. टॅक्सीचा भाग दाखवल्यावर मुंबईतले टॅक्सीवाले चिडून निषेधाला उतरले, इतका तो झोंबला. ग्राहक संरक्षण कायदा आला तो डिसेंबर १९८६ मध्ये, म्हणजे मालिकेनंतर. बी.कॉम.ला आम्ही हा कायदा कलमांसकट पाठ केला, पण तक्रार कशी करायची असते ते घरच्या बायांना रजनीनं आधीच शिकवलं होतं.

मालिकेत त्यांच्या नवऱ्याचं काम करणारे करण राजदान यांच्याशीच १९८८ मध्ये त्यांचं लग्न झालं. १९९५ मध्ये दोघं वेगळे झाले. त्याच वर्षी आलेल्या ‘हम पांच’मध्ये त्या भिंतीवरच्या फोटोतून बोलणारी वारलेली बायको झाल्या. आपल्याकडच्या पोरांना तीच जास्त आठवते.

मग केबलच्या काळात त्यांनी दुसरा डाव मांडला, सूत्रसंचालनाचा. ‘प्रिया तेंडुलकर शो’ आणि ‘जिम्मेदार कौन’. समोर पाहुणे, भोवती साधी माणसं, आणि विषय असे की घरात चार लोकांत बोलायची सोय नाही. इथं हातात लिहिलेले संवाद नव्हते. माणसाला बोलतं करायचं, टोलवाटोलवी करणाऱ्याला तिथंच अडवायचं. आमच्या मते त्यांचं खरं कसब इथंच दिसलं. रजनीला जिंकवायला लेखक होता, इथं पाहुणा उलटला तर वाचवायला कोणी नव्हतं.

या सगळ्यात त्या लिहीतही होत्या. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’, ‘जन्मलेल्या प्रत्येकाला’ ही त्यांची पुस्तकं. वडिलांच्या सावलीत लिहिणं सोपं नसतं हो, तरी कथा त्यांच्या स्वतःच्या वाटतात.

शेवटची वर्षं कठीण गेली. स्तनाचा कर्करोग झाला होता, अखेर हृदयविकाराच्या झटक्यानं मुंबईत निधन झालं. तेंडुलकरांच्या घरावर तर घावावर घाव. २००१ मध्ये पत्नी आणि मुलगा राजा गेले, पुढच्याच वर्षी प्रिया. वडील त्यानंतर २००८ पर्यंत होते.

हॉटेलातल्या नोकरीच्या अनुभवांवर त्यांनी लिहिलेलं ‘पंचतारांकित’ कुठं मिळालं तर घरातल्या नोकरी करणाऱ्या पोरींना वाचायला द्या.