स्प्रिंग मऊ, तरी गाडी वळणावर पक्की! लोटसवाल्या कॉलिन चॅपमनची गोष्ट

हौसेनं कडक स्प्रिंग टाकून खाली बसवलेली गाडी संभाजीनगरहून पैठणला घेऊन जा. पन्नासेक किलोमीटरमध्ये कंबर बोलायला लागते. वर वळणात खड्डा आला की गाडी बाजूला उडी मारते ती वेगळीच.

कडक सस्पेन्शन म्हणजे भारी हँडलिंग, असं आजही बऱ्याच जणांना वाटतं. हा समज साठ वर्षांपूर्वीच मोडीत काढणारा माणूस म्हणजे कॉलिन चॅपमन.

जन्म १९२८ चा, इंग्लंडमधला. शिक्षण लंडनमध्ये इंजिनिअरिंगचं. १९४८ मध्ये त्यानं जुन्या ऑस्टिन सेव्हनवर आपली पहिली गाडी बांधली, तीही प्रेयसी हेझेलच्या घरामागच्या गॅरेजात. १९५२ मध्ये लोटस कंपनी सुरू झाली, तेव्हा २५ पौंडांचं भांडवलही हेझेलनंच दिलं. पुढं दोघांनी लग्न केलं.

चॅपमनचा हिशोब सोपा होता. टायर रस्त्याला टेकलेला असेल तरच ग्रिप मिळते. स्प्रिंग फार कडक असली की खड्ड्यावर टायर उचलला जातो. म्हणून स्प्रिंग मऊ ठेवायची, चाकाचा कोन बिघडू द्यायचा नाही आणि गाडीचा झोका शॉकअपनं आवरायचा. त्यात गाडीचं वजन कमी असलं की सगळ्यांचंच काम हलकं होतं.

१९६२ ची लोटस एलान याच हिशोबावर बनली. वजन सातशे किलोच्या आसपास. पुढं जपानच्या माझदानं आपली मियाटा बनवताना हीच गाडी डोळ्यासमोर ठेवली.

फॉर्म्युला वनमध्ये चॅपमनच्या हयातीत लोटसनं कन्स्ट्रक्टर्सची सात विजेतेपदं मिळवली.

पण हलकेपणाला दुसरी बाजूही होती. लोटसच्या रेसिंग गाड्या नाजूक असल्याची तक्रार ड्रायव्हर करायचे. १९६८ मध्ये त्याचा जिवलग ड्रायव्हर जिम क्लार्क लोटस चालवतानाच गेला. १९७० मध्ये मोन्झाला योखेन रिंट गेला आणि मृत्यूनंतर विश्वविजेता ठरला. चॅपमनवरचा हा ठपका कधीच पूर्ण पुसला गेला नाही.

शेवटच्या काळात लोटसमध्ये कॉम्प्युटरनं चालणाऱ्या ॲक्टिव्ह सस्पेन्शनवर काम सुरू होतं. १९८२ च्या डिसेंबरमध्ये चॅपमन हार्ट अटॅकनं गेला. वय अवघं ५४. पाच वर्षांनी आयर्टन सेनानं तसंच सस्पेन्शन असलेली लोटस चालवून मोनॅको जिंकलं.

म्हणून गाडी सुधारायला निघालात तर आधी टायर, झिजलेले बुश आणि शॉकअप बघा. स्प्रिंगचा नंबर त्यानंतर.