जे. एडगर हूव्हर
जॉन एडगर हूव्हर (१ जानेवारी, १८९५:वॉशिंग्टन, डी.सी., अमेरिका - २ मे, १९७२:वॉशिंग्टन, डी.सी., अमेरिका) हे फेडरल ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन (एफ.बी.आय.) या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेचे पहिले संचालक होते. १९२४ साली वयाच्या २९व्या वर्षी त्यांनी या संस्थेच्या पूर्वरूपाची सूत्रे हाती घेतली आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ ४८ वर्षे, ते त्याच पदावर राहिले. या काळात अमेरिकेत ८ राष्ट्राध्यक्ष झाले. शास्त्रीय तपासपद्धती रुजवणारे प्रशासक म्हणून त्यांची ख्याती आहे. त्याचबरोबर नागरिकांवर बेकायदा पाळत ठेवल्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीकाही झाली. पोलीस अधिकाऱ्याने अधिकारपदावर किती काळ राहावे, या चर्चेत त्यांच्या कारकिर्दीचा दाखला नेहमी दिला जातो. संचालकपदाला १० वर्षांची कमाल मुदत घालणारा कायदा त्यांच्या मृत्यूनंतर ४ वर्षांनी संमत झाला.

प्रारंभिक जीवन
हूव्हर यांचा जन्म वॉशिंग्टनमधील एका सरकारी नोकराच्या कुटुंबात झाला. वडील डिकरसन हूव्हर हे सागरकिनारा व भूमापन खात्याच्या छपाई विभागात काम करीत. आई ॲनी यांचे घराणे मूळचे स्वित्झर्लंडचे होते. शालेय वयात हूव्हर यांनी वादविवाद स्पर्धांत नाव मिळवले. पुढे दिवसा लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयात नोकरी करून त्यांनी जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातून १९१६ मध्ये कायद्याची पदवी व १९१७ मध्ये पदव्युत्तर पदवी संपादन केली. ग्रंथालयातील सूचिपत्रांची पद्धत त्यांनी पुढे माणसांच्या नोंदी ठेवण्यासाठी वापरली. ते आजन्म अविवाहित राहिले आणि १९३८ साली आईचे निधन होईपर्यंत तिच्यासोबतच राहत होते.

न्याय खात्यातील प्रवेश
जुलै १९१७ मध्ये हूव्हर न्याय खात्यात रुजू झाले. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत साम्यवादी क्रांतीची भीती पसरली असता, १९१९ मध्ये ॲटर्नी जनरल मिचेल पामर यांनी जहालांवर लक्ष ठेवणाऱ्या नव्या विभागाची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवली. १९१९-२० मधील पामर छाप्यांत हजारो लोकांना अटक झाली. त्यांतील अनेकांवर वॉरंटही नव्हते. अराजकवादी नेत्या एमा गोल्डमन यांची देशाबाहेर हकालपट्टी करण्यातही हूव्हर यांचा पुढाकार होता.

संचालकपद
१९०८ साली स्थापन झालेला ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन १९२०च्या दशकाच्या आरंभी वशिलेबाजीने पोखरला होता. न्याय खात्यावर टीका करणाऱ्या संसद सदस्यांवर पाळत ठेवण्यासाठीही त्याचा वापर झाला होता. नवे ॲटर्नी जनरल हार्लन फिस्क स्टोन यांनी १० मे, १९२४ रोजी हूव्हर यांना हंगामी संचालक नेमले व डिसेंबरमध्ये त्यांना कायम केले. ब्यूरो राजकारणापासून अलिप्त राहावा आणि नेमणुका केवळ गुणवत्तेवर व्हाव्यात, ही या नेमणुकीमागील अट होती. म्हणजेच पुढे ज्या दोषांचा ठपका हूव्हर यांच्यावर आला, तेच दोष दूर करण्यासाठी त्यांना आणले गेले होते.

हूव्हर यांनी अपात्र कर्मचाऱ्यांना काढून टाकले, कायदा व लेखाशास्त्र शिकलेल्या तरुणांची भरती केली आणि त्यांना पद्धतशीर प्रशिक्षण दिले. १९२४ मध्ये बोटांच्या ठशांचा मध्यवर्ती संग्रह व १९३२ मध्ये गुन्हे प्रयोगशाळा सुरू झाली. १९३५ मध्ये स्थानिक पोलिसांसाठी प्रशिक्षण संस्था निघाली आणि त्याच वर्षी ब्यूरोला आजचे नाव मिळाले. १९३४ मध्ये जॉन डिलिंजर हा कुख्यात दरोडेखोर शिकागोत मारला गेल्यावर संस्थेची कीर्ती देशभर झाली. त्या कारवाईमुळे प्रसिद्धी पावलेले अधिकारी मेल्विन पर्विस यांच्याशी मात्र हूव्हर यांचे बिनसले व पर्विस यांनी पुढच्याच वर्षी राजीनामा दिला. ब्यूरोच्या कर्मचाऱ्यांना सर्वसाधारण सरकारी सेवेचे संरक्षण नव्हते. त्यांची नोकरी संचालकांच्या मर्जीवर अवलंबून असे.

अधिकारांचा गैरवापर
१९३६ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी फॅसिस्ट व साम्यवादी गटांची माहिती गोळा करण्यास सांगितल्यावर ब्यूरोचे कार्यक्षेत्र गुन्ह्यांपलीकडे विस्तारले. राजकारणी व नामवंतांच्या खासगी आयुष्यासंबंधीच्या गोपनीय फायली हूव्हर यांच्या कार्यालयात स्वतंत्र ठेवल्या जात. त्यांचा धाक हे हूव्हर यांच्या दीर्घ कारकिर्दीचे एक कारण मानले जाते.

१९५६ मध्ये साम्यवादी पक्षाविरुद्ध सुरू झालेली कोइंटेलप्रो ही गुप्त मोहीम पुढे नागरी हक्क चळवळ व युद्धविरोधी संघटनांपर्यंत पोहोचली. मार्टिन ल्युथर किंग यांचे दूरध्वनी चोरून ऐकले गेले आणि १९६४ मध्ये त्यांना बदनामीची धमकी देणारे निनावी पत्र ब्यूरोतून पाठवण्यात आले. मार्च १९७१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मीडिया या गावच्या कार्यालयातून काही कार्यकर्त्यांनी कागदपत्रे चोरून वृत्तपत्रांना पाठवली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत हूव्हर यांनी ही मोहीम बंद केली. दुसरीकडे, १९४२ मध्ये जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना छावण्यांत ठेवण्यास त्यांनी विरोध केला होता, हेही चरित्रकार नमूद करतात.

निवृत्तीचा प्रश्न
केंद्रीय कर्मचाऱ्यांना ७०व्या वर्षी निवृत्ती सक्तीची होती. हूव्हर यांना १ जानेवारी, १९६५ रोजी ७० वर्षे पूर्ण होणार होती; परंतु मे १९६४ मध्येच राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यांना या नियमातून अनिश्चित काळासाठी सूट दिली. १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी त्यांना पायउतार होण्यास राजी करण्याचा प्रयत्न केला, पण तो निष्फळ ठरला.

मृत्यू
२ मे, १९७२ रोजी हूव्हर यांचे राहत्या घरी निधन झाले. त्यांचे पार्थिव संसद भवनाच्या घुमटाखाली अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले व नंतर वॉशिंग्टनच्या काँग्रेशनल दफनभूमीत त्यांचे दफन झाले. १९१८ पासून त्यांच्या सचिव असलेल्या हेलन गँडी यांनी पुढील काही आठवड्यांत त्यांच्या वैयक्तिक फायली नष्ट केल्या.

मुदतीचा कायदा
हूव्हर यांच्यानंतरच्या संचालकांची नेमणूक राष्ट्राध्यक्षांनी सेनेटच्या संमतीने करावी, अशी तरतूद १९६८ मध्येच झाली होती. वॉटरगेट प्रकरण आणि सेनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीची १९७५-७६ मधील चौकशी यांतून ब्यूरोचे गैरप्रकार उघड झाले. ऑक्टोबर १९७६ च्या कायद्याने संचालकांचा कार्यकाळ कमाल १० वर्षांचा ठरला व पुनर्नियुक्ती वर्ज्य झाली.

ही मुदत ठरवताना दोन परस्परविरोधी धोके विचारात घेतले गेले. मुदतच नसेल, तर संचालक कोणालाही न जुमानणारा होतो. मुदत फार अल्प असेल, तर तो नेमणूक करणाऱ्याच्या आहारी जातो. राष्ट्राध्यक्षाच्या दोन कार्यकाळांची बेरीज ८ वर्षे होते; १० वर्षांची मुदत त्याहून अधिक असल्याने संचालक एकाच राष्ट्राध्यक्षाशी बांधला जाणार नाही, अशी अपेक्षा होती. तथापि ही मुदत म्हणजे पदाची हमी नव्हे. विल्यम सेशन्स यांना १९९३ मध्ये आणि जेम्स कोमी यांना २०१७ मध्ये मुदतीपूर्वीच पदच्युत करण्यात आले. उलट रॉबर्ट म्युलर यांना २०११ मध्ये विशेष कायद्याने २ वर्षांची मुदतवाढ मिळाली.

वारसा
वॉशिंग्टनमध्ये १९७५ साली सुरू झालेल्या ब्यूरोच्या मुख्यालयाला हूव्हर यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या जीवनावरील जे. एडगर हा क्लिंट ईस्टवूड दिग्दर्शित चित्रपट २०११ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात लिओनार्डो डिकॅप्रियो यांनी हूव्हर यांची भूमिका केली.