मिरजेचे डॉक्टर वानलेस

रानाच्या कडेला राहणाऱ्या मनुष्यास दुखणे आले म्हणजे पहिला प्रश्न औषधाचा नसतो, अंतराचा असतो. नवेगाव बांधच्या विस्तीर्ण तळ्याभोवती व अर्जुनी मोरगावच्या बाजूस जी खेडी आहेत, तेथील वृद्ध मंडळींस हे सांगावयास नको. रोग्यास खाटेवर घालून चौघांनी खांद्यावर न्यावे, वाटेत नाल्याला पूर असला तर तो उतरेपर्यंत काठावर बसून राहावे, असे दिवस या भागाने पुष्कळ पाहिले. गोंदिया ते नागभीड ही अरुंद रुळांची आगगाडी १९०८ साली सुरू झाली, तेव्हा कोठे नागपूरची वाट थोडी सोपी झाली. तेथे स्कॉटिश मिशनने स्त्रियांसाठी काढलेले म्यूर मेमोरियल इस्पितळ होते. ज्या सेवकाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो, त्याने आपले आयुष्य महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकास, कृष्णाकाठच्या मुलुखात घालविले. परंतु त्याच्यापुढील प्रश्न हाच होता. इस्पितळ एका गावी असते आणि रोगी शंभर गावी असतात; या दोहोंची गाठ कशी पडावी?

विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १८६५ साली कानडा देशात, ऑन्टारिओ प्रांतात झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी न्यूयॉर्क शहरात घेतले व १८८९ साली ते डॉक्टर झाले. त्या वर्षांत अमेरिकेच्या विद्यालयांत परदेशी सुवार्तासेवेची मोठी लाट उठली होती. ती उठविणाऱ्या तरुणांत रॉबर्ट वाइल्डर हे प्रमुख होते. त्यांचा जन्म आपल्या कोल्हापुरातला. त्यांचे वडील रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली कोल्हापुरास मिशनकार्याचा पाया घातला होता. कोल्हापुरात जन्मलेल्या मुलाने अमेरिकेत हाक दिली आणि त्याच काळी अमेरिकेत शिकणारा एक तरुण कोल्हापूरच्या शेजारी येऊन पोहोचला, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे. १८८९ साली विवाह करून पत्नी मेरी यांसह डॉक्टर हिंदुस्थानास आले. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने त्यांस प्रथम सांगलीस ठेवले.

भाषा येत नाही, ओळख नाही, शस्त्रक्रियेस योग्य जागा नाही, अशा स्थितीत कामास आरंभ झाला. थोड्याच काळात त्यांनी आपले ठाणे मिरजेस हलविले आणि बाजारात एक लहानसा दवाखाना उघडला. मिरज निवडण्यात त्यांची दूरदृष्टी दिसते. पुण्याहून दक्षिणेस जाणारा लोहमार्ग नुकताच मिरजेवरून गेला होता, आणि १८९१ साली तेथूनच कोल्हापूरचा फाटा निघाला. चारी दिशांच्या गाड्या जेथे थांबतात तेथे रोगी उतरू शकतो, हा साधा हिशेब त्यात होता. पुढे इस्पितळाच्या इमारतीसाठी ज्यांनी मोठी देणगी दिली ते फिलाडेल्फियाचे जॉन कॉन्व्हर्स हे आगगाडीची इंजिने बांधणाऱ्या प्रसिद्ध बाल्डविन कारखान्याचे चालक होते. रोग्यांस आणणारीही आगगाडी आणि त्यांच्यासाठी छप्पर उभारणारा पैसाही इंजिनांच्याच धंद्यातला! पटवर्धन घराण्यातील मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली. १८९४ साली इस्पितळ सुरू झाले.

परंतु इमारत झाली म्हणून लोक येतात असे नाही. त्या काळी डोळ्यात मोतीबिंदू झाला तर गावोगाव फिरणारे लोक सुईने तो आत ढकलीत. क्षणभर उजेड दिसे, त्या आनंदात मनुष्य पैसे देई, आणि पुढे पुष्कळांचा डोळा पिकून कायमचा जाई. तोवर तो फिरता मनुष्य दुसऱ्या गावी गेलेला असे. अशा अनुभवाने पोळलेले लोक गोऱ्या डॉक्टरच्या हाती सुरी पाहून बिचकले तर त्यांस दोष कसा द्यावा? यात जातिभेदाचीही भर होती. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाच्या शेजारी निजावे, हे प्रश्न दुखण्याहून मोठे वाटत. यावर त्या काळच्या मिशन इस्पितळांत सर्वसाधारण तोड अशी निघे की रोग्याच्या घरच्या माणसांनी सोबत राहावे व आपले अन्न आपण शिजवावे. त्यामुळे इस्पितळाच्या आवारात चुली पेटत, मुले खेळत, आणि एका रोग्याबरोबर अर्धे कुटुंब येऊन राही. कोणी म्हणेल, ही काय शिस्त? पण त्या चुलींभोवतीच दोन गावांच्या लोकांत बोलणे होई, आणि दृष्टी येऊन घरी परतलेला एक म्हातारा दहा व्याख्यानांचे काम करी.

डॉक्टरांचा हात शस्त्रक्रियेत असामान्य होता. मोतीबिंदूच्या हजारो शस्त्रक्रिया त्यांच्या देखरेखीखाली झाल्या. मूतखडा, पोटातील गाठी, अशा व्याधींचे रोगी दूरदूरच्या प्रांतांतून मिरजेचे तिकीट काढून येऊ लागले. राजेरजवाडेही आले. कोल्हापूरचे शाहू छत्रपती यांचा व त्यांचा चांगला परिचय होता. ऐपतीच्या माणसाकडून फी घ्यावयाची आणि त्या पैशातून गरिबाची शुश्रूषा करावयाची, असा त्यांचा परिपाठ होता. धर्मादाय इस्पितळ म्हणजे सर्वांस सर्व फुकट, अशी आपल्यांत पुष्कळांची समजूत असते. डॉक्टरांस ती मान्य नव्हती. परदेशातून येणाऱ्या देणगीवर रोजचा खर्च चालू ठेवला तर ती आटेल त्या दिवशी दार बंद होईल, हे ते जाणून होते. आमच्या मंडळ्यांनी या गोष्टीचा विचार करण्यासारखा आहे.

तथापि आमच्या मते त्यांचे खरे मोठेपण सुरीत नाही. एक मनुष्य रात्रंदिवस राबला तरी तो किती रोग्यांस पुरणार? १८९७ साली त्यांनी मिरजेस ख्रिस्ती तरुणांना वैद्यक शिकविण्याचा वर्ग काढला. निरनिराळ्या मिशनांनी आपापले तरुण तेथे पाठविले. इस्पितळातील रोगी हेच त्यांचे पाठ्यपुस्तक. सकाळी गुरूबरोबर खाटेखाटेशी उभे राहावे, दुपारी अभ्यास करावा, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी आधी पाहावे, मग हाताशी राहावे, मग स्वतः करावे, असा तो क्रम. शिकून तयार झालेले हे तरुण देशभरच्या लहान दवाखान्यांत गेले. जेथे डॉक्टर वानलेस कधीच जाऊ शकले नसते तेथे त्यांचा हात याप्रमाणे पोहोचला. परिचारिकांचेही शिक्षण मिरजेस सुरू झाले. ज्या काळी परक्या पुरुषाची सेवा करणे हे मुलीच्या अब्रूस कमीपणा आणणारे मानीत, त्या काळी खेड्यांतील ख्रिस्ती मुलींनी हे काम पत्करले. त्यांची नावे इतिहासात आली नाहीत, याची येथे खंत नोंदविणे अवश्य वाटते. दुसरीही एक गोष्ट मोकळेपणाने लिहिली पाहिजे. त्या काळच्या मिशनांत हिंदी डॉक्टर कितीही निपुण झाला तरी पुष्कळ वर्षे तो मदतनीसच राही व मुख्य जागा परदेशी मनुष्याकडे असे. हा दोष एका मनुष्याचा नव्हे, त्या युगाचा होता. पण दोष होता खरा.

त्याच सुमारास देशावर एकामागून एक आपत्ती आल्या. १८९६ साली मुंबईस प्लेग दिसला व थोड्याच वर्षांत दक्षिणेतील संस्थानांतही पसरला. १८९९-१९०० चा दुष्काळ तर छप्पन्नचा म्हणून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात कितीतरी वर्षे राहिला. गावे ओस पडली, माणसे रानात झोपड्या घालून राहिली. अशा काळात इस्पितळाच्या भिंतींच्या आत बसून राहणारा वैद्य काय कामाचा?

मिरजेस महारोग्यांसाठी जे आश्रमस्थान उभे राहिले, त्याची हकीकत आमच्या पूर्वेकडील वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावी. वेलस्ली बेली यांनी १८७४ साली महारोग्यांच्या सेवेसाठी मिशन स्थापिले होते. हॅन्सन यांनी या रोगाचे जंतू १८७३ साली ओळखले, पण औषध मात्र हाती नव्हते. कडू कवठीच्या जातीच्या बियांचे तेल टोचावे, जखमा धुवाव्या, पोटभर अन्न द्यावे, इतकेच शक्य होते. बरा करता येणार नाही अशा मनुष्यास जवळ घेणे ही शस्त्रवैद्याची कसोटीच म्हटली पाहिजे. कारण सुरीने यश मिळते, दहा जण वाहवा करतात, आणि येथे वर्षानुवर्षे तोच मनुष्य त्याच जखमा घेऊन समोर बसतो. प्रभूने ज्यांस हात लावला त्यांस हात लावावयाचा, एवढ्याच आधारावर हे काम चालले. आज स्थिती पालटली आहे. १९४० नंतर गुणकारी गोळ्या आल्या, आणि १९८१ पासून अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली. सहा महिने अथवा वर्षभर नेमाने औषध घेतले म्हणजे रोग बरा होतो आणि सरकारी आरोग्य केंद्रात ते विनामूल्य मिळते. तरीही गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या बाजूस हा रोग अजून आढळतो. अंगावर बधिर चट्टा दिसला की लपविण्याची चालही गेलेली नाही. ज्या दिवसांत औषध नव्हते त्या दिवसांत लोक मिरजेस गेले. औषध गावाजवळ आले असता घरात लपून बोटे गमावणे हे किती दुःखाचे!

डॉक्टरांच्या घरावरही घाव पडला. १९०६ साली मेरीबाई निवर्तल्या. सतरा वर्षे त्यांनी या कामात पतीस साथ दिली होती. कोल्हापूरच्या मिशन इस्पितळास पुढे मेरी वानलेस हे नाव मिळाले. नंतर डॉक्टरांनी लिलियनबाई हॅव्हन्स यांच्याशी विवाह केला व काम पुढे चालू राहिले. डॉ. व्हेल यांच्यासारखे सहकारी मिळाल्यावर त्यांनी क्षयरोग्यांकडे लक्ष वळविले. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागण्यास अद्याप वीसहून अधिक वर्षे अवकाश होता. मोकळी हवा, विसावा व दूध-अंडी, हेच क्षयावरील औषध. दाटीच्या गल्लीत एका खोलीत सहा माणसे निजत असता एकास क्षय झाला तर बाकीच्यांचे काय, हा प्रश्न ओळखून त्यांनी सांगली व मिरज यांच्यामधील मोकळ्या माळावर क्षयरोग्यांचे आरोग्यधाम उभारले.

१९२८ साली बादशहाने त्यांस सर ही पदवी दिली. सुमारे चाळीस वर्षांच्या सेवेनंतर त्याच सुमारास ते हिंदुस्थानातून निवृत्त झाले. १९३२ साली त्यांनी आपल्या येथील कामावर इंग्रजीत एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि १९३३ च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियात ते प्रभूकडे गेले. त्यांनी शिकविलेले कित्येक डॉक्टर तेव्हा निरनिराळ्या प्रांतांतील दवाखान्यांत रोगी तपासीत होते.

मिरज पुढे दवाखान्यांचे गाव म्हणून महाराष्ट्र व कर्नाटकात प्रसिद्ध झाले. १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही तेथेच निघाले. ज्या माळावर क्षयरोगी उन्हात खाटा टाकून पडत, तेथे आता घरांची दाटी झाली आहे. त्या वस्तीस लोक वानलेसवाडी म्हणतात.